ढग पाहिलात का?

पहिल्याच भेटीत तिने त्याच्या पाच चुका काढल्या, आणि तोवर तिने त्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नव्हतं. भेट म्हणजे काय, तर फोनवरच्या एका गटातली. गटाचं नाव ‘ढगांचा कट्टा’. एकशे चाळीस माणसं, सगळी आभाळाकडे बघणारी. ज्याला जसा ढग दिसेल तसा त्याने फोटो काढून टाकायचा आणि बाकीच्यांनी वाहवा म्हणायचं, एवढाच उद्योग. निरुपद्रवी मंडळी सगळी. त्यांच्यात ही एकच उपद्रवी. गटात तिला ‘लाल पेन’ म्हणत.

त्या मंगळवारी दहा वाजून दहा मिनिटांनी ‘गच्चीकर’ नावाच्या एका नव्या सभासदाने फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, ‘आज आभाळ खुप सुदंर दीसतय. ढग कापसा सारखा आहे. कोनाला आवडतो ते सांगा.’

तिची चहाची सुट्टी संपायला पाच मिनिटं होती. तिने कप खाली ठेवला आणि लिहिलं, ‘कोणाला, कापसासारखा, दिसतंय, सुंदर, खूप. एकूण पाच.’

आता हा चिडेल, असं गटाला वाटलं. याआधी दोघं-तिघं चिडून गट सोडून गेले होते. गटाचे जनक, निवृत्त पोस्टमास्तर आजोबा, सारवासारव करायला सरसावलेही होते. पण गच्चीकराचं उत्तर आलं, ‘धन्यवाद लालपेनबाई. चुका पाच झाल्या. ढग एकच होता. ढग पाहिलात का?’

ती चपापली. ढग तिने पाहिलाच नव्हता.

याचं कारण तिच्या कामात होतं. एका छापखान्याच्या तळघरात बसून ती प्रूफं तपासायची. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला पातळ कागद असतो ना, मुंगीएवढ्या अक्षरांचा, जो कुणी वाचत नाही — तो ती वाचायची. रोज आठ तास. खिडकी नाही, आभाळ नाही, डोक्यावर पांढऱ्या ट्यूबलाइट. नोकरीच्या पहिल्याच वर्षी अर्ध्या गोळीच्या जागी पाच गोळ्या असं छापायला निघालं होतं. दशांशाचा एक ठिपका उडाला होता आणि तिच्या नजरेतून निसटला होता. तिच्या टेबलासमोर बसणाऱ्या मोठ्या बाईंनी यंत्र सुरू व्हायच्या आत तो पकडला, म्हणून बरं. त्या दिवशी तिचे हातपाय असे गळाले, की ते पुन्हा पूर्वीसारखे कधी घट्ट झालेच नाहीत.

“तू अर्थाच्या नादी लागतेस,” मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. “अर्थ कळला की डोळा पुढचं आपणच धरून चालतो, आणि तिथेच फसतो. शेवटून वाच. शेवटचा शब्द आधी, पहिला शब्द शेवटी. मग एकही चूक सुटायची नाही.”

तेव्हापासून ती शेवटून वाचू लागली. आधी प्रूफं, मग बिलं, मग पाट्या, मग माणसांनी पाठवलेले निरोपसुद्धा. आणि भीती म्हणाल तर तीही वाढतच गेली. गॅस बंद केला का, हे ती तीनदा बघायची. कुलूप चारदा ओढायची. लिफ्टमध्ये तर पाऊलच टाकायची नाही. “हिला कुणी ‘भ्याँ’ केलं तरी ही लेखी खुलासा मागेल,” असं तिची वहिनी म्हणे. तिच्या दादा-वहिनीकडेच ती राहायची.

गटात मात्र ती वाघीण. तिथे तिला कुणी पाहत नव्हतं ना!

गच्चीकर रोज दहा वाजून दहा मिनिटांनी ढग टाकू लागला. त्या वेळी तिची सुट्टी असते हे त्याने ताडलं होतं की काय कोण जाणे. तो चुकायचा, ती काढायची, तो विचारायचा, ‘ढग पाहिलात का?’ गटात दोन पक्ष पडले. एक म्हणे, ढगाला ऱ्हस्व-दीर्घ कळतं का? दुसरा म्हणे, ढगाला नसेल, आपल्याला तर कळायला हवं! पोस्टमास्तर आजोबा रोज चुकांचा आकडा आधीच वर्तवू लागले. अशात एकदा तिने शुद्धलेखनाचं महत्त्व सांगणारा चांगला बारा ओळींचा निबंध लिहिला, आणि त्यात तो शब्दच ‘शुध्दलेखन’ असा लिहून बसली.

मग काय विचारता! एकशे चाळीस माणसांनी दिवाळी मिळाल्यासारखा आनंद केला. हिच्या तोंडचं पाणी पळालं. सगळे हसतायत... सगळ्यांना कळलं... आता उद्या छापखान्यातही कळेल... दोन दिवस तिने फोनला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी गटाबाहेर, फक्त तिला, त्याचा निरोप आला. ‘एकच चुक होती. आणि कोणी मेलं नाही. परत या. तुमच्या शीवाय माझे ढग कोणी तपासत नाही.’

तिने लिहिलं, ‘शिवाय. आणि तो आधीच्या शब्दाला जोडून. आणि चूक.’

‘आलात,’ त्याने लिहिलं.

ती एकटीच हसली. समोरून मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “ठिपका उडाला का कुठे?” त्यांनी विचारलं.

तिथून बोलणं सुरू झालं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आपण लिफ्टमध्ये पाऊलच टाकत नाही, हे तिने सांगून टाकलं. लिफ्टचं यंत्र असतं इमारतीच्या अगदी माथ्यावर, गच्चीतल्या एका खोलीत. म्हणून रोज नवी गच्ची, रोज नवं आभाळ. नववीत शाळा सुटलेली. आईवडील नाहीत. ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते वस्तादच त्याचं गणगोत.

‘चुका मुद्दाम करता का?’ तिने एकदा विचारलं. मनात कुठेतरी, हो म्हणावं, असं होतं.

‘नाही हो. खरंच येत नाही,’ त्याने लिहिलं. ‘पण एक सांगु? माझी चूक काढलीत की बरं वाटतं. म्हणजे कोणीतरी मी लीहीलेलं नीट वाचलं.’

‘लिहिलेलं. सांगू,’ तिने लिहून टाकलं, आणि मग तिला कुठेतरी बारीक टोचलं.

‘तुमची यादी नेहमी उलटी का असते? शेवटची चूक आधी?’

‘धंद्याचं गुपित.’

‘भेटल्यावर सांगाल?’

भेटल्यावर! तिने आधी सर्दी सांगितली. मग दादाकडे पाहुणे. मग पुन्हा सर्दी.

“अगं, इतकी सर्दी म्हशीलाही होत नाही,” वहिनी म्हणाली. “भेट की एकदा. खाणार आहे का तो तुला?”

“वहिनी, लिहिलेलं खोडता येतं गं. तोंडातून गेलेलं कसं खोडू? आणि मी प्रत्यक्षात कशी आहे हे त्याने पाहिलं, आणि त्याला...”

“आणि त्याला तू आवडलीस तर?”

ती यालाच तर जास्त घाबरत होती. एखादी गोष्ट आपली झाली, की मग ती जाण्याची भीतीही आपलीच.

बुधवारी दुपारी छापखान्यात नुसती धांदल होती. एका औषधाचा कागद तिसऱ्यांदा बदलून आला होता, यंत्र थांबलं होतं, साहेब दाराशी येऊन घड्याळ दाखवून जात होते. अशात तिने डबा उघडता उघडता ड्रॉवरमधला फोन पाहिला. त्याचा निरोप होता, आजवरचा सर्वांत लांब. तिचे डोळे सवयीने तळाशी गेले आणि तिथून वर चढत निघाले. तिने यादी पाठवली. ‘भीती, म्हणून, शिकवलेलं, उभं, पाहिजे, इमारतीत, कचेरीमागच्या. सात! आज कमाल केलीत.’ सोबत एक हसरा चेहराही टाकला.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. ‘बरं. सातही सुधारतो.’

त्यात एकही चूक नव्हती. तिला आपलं कौतुकच वाटलं.

गुरुवारी दहा वाजून दहा मिनिटांनी ढग आला नाही.

सव्वादहा. साडेदहा. तिने चोरून ड्रॉवर उघडला, बंद केला. पोस्टमास्तर आजोबांनी गटात लिहिलं, ‘आज गच्चीकर कुठे? आभाळ तर स्वच्छ आहे.’ बारा वाजले. रागावला असेल का? काल सात म्हणजे जरा जास्तच झालं का? कोणत्या बरं सात होत्या, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिने कालचा निरोप उघडला. आणि कधी नव्हे ते पहिल्या शब्दापासून वाचला.

‘उद्या सकाळी जुन्या टपाल कचेरी मागच्या अकरा मजली ईमारतीत जायचं आहे. तिथल्या लिफ्टचा भरवसा नाही. वस्ताद आजारी, मी एकटाच. मालक म्हणतो उद्याच पाहीजे. लिफ्टच्या डोक्यावर एकट्याने ऊभं राहून काम करायचं नसतं, हे वस्तादांनी पहिल्या दिवशी शीकवलेलं. आजवर मी कधी घाबरलो नाही, कारण वाट बघणारं कोणी नव्हतं. आता दहा वाजून दहाला कोणीतरी वाट बघतं असं वाटतं, म्हणुन भिती वाटते. तुम्ही फक्त जाऊ नका म्हणा. मी नाही जाणार.’

आणि खाली तिचं उत्तर. पहिला शब्द, तिच्याच हाताने लिहिलेला — भीती. तो शब्द तिने दुरुस्त करून परत पाठवला होता. शेवटी हसरा चेहरा.

ट्यूबलाइटची घरघर एकदम कानात शिरली. तिने त्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिने लिहिलं, ‘जाऊ नका.’ निरोप गेला, पण पोचल्याची खूण काही उमटेना.

“बाई, मी जाते,” ती उठली.

“अगं, यंत्र थांबलंय! पान अर्धं राहिलंय तुझं!” मोठ्या बाई म्हणाल्या.

“मी न वाचता चूक काढली, बाई. माणूस काय म्हणतोय हे न वाचता.”

मोठ्या बाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिच्या हातून अर्धं पान ओढून घेतलं. “पळ,” त्या म्हणाल्या.

जुनी टपाल कचेरी पंधरा मिनिटांच्या वाटेवर. ती कधी धावली, कधी चालली, हे तिला पुढे आठवलं नाही. वाटेत एक रुग्णवाहिका समोरून गेली तेव्हा मात्र ती भिंतीला धरून उभी राहिली, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिला पुढे पाऊल टाकवेना.

इमारत जुनी होती, निम्म्याहून रिकामी. दाराशी वॉचमनची खुर्ची होती, वॉचमन नव्हता. लिफ्टच्या जाळीला पुठ्ठ्याची पाटी लटकत होती. ‘लिफ्ट बंद. दुरूस्ति चालु. हात लाऊ नये.’ हे अक्षर तिने कधी पाहिलं नव्हतं, पण या चुका तिच्या ओळखीच्या होत्या. म्हणजे तो आला होता. तिने सांगितलं नाही, म्हणून आला होता.

ती जिना चढू लागली. तिसऱ्या मजल्यावर एका शिवणवर्गाच्या बाई दारात उभ्या होत्या.

“अहो, लिफ्टवाले दिसले का?”

“सकाळी आले होते बाई. मग दहाच्या सुमाराला धाडकन काहीतरी पडलं. आम्हाला वाटलं ठोकाठोकी चाललीय. मग काही आवाज नाही.”

“मग तुम्ही पाहिलं नाहीत?”

“आमची यंत्रं चालू असतात हो... का? काय झालं?”

ती उत्तराला थांबली नाही. चौथा, पाचवा, सहावा. प्रत्येक मजल्यावर ती जाळीला तोंड लावून आत हाक मारायची. पण काय म्हणून मारायची? कधी नाव विचारलंच नव्हतं! “गच्चीकर!” ती ओरडली. “अहो गच्चीकर!” आतल्या काळोखातून तिचाच आवाज परत यायचा. सातवा. आठवा. “गच्चीकर!”

वरून, कुठूनतरी, टण् टण् टण् असं लोखंडावर ठोकल्याचं ऐकू आलं. मग एक बसलेला आवाज. “कोण आहे?”

“मी!” ती ओरडली, आणि तिला रडूच फुटलं. “मी... लाल पेन!”

मग आवाज म्हणाला, “सुट्टी घेतलीत होय?”

“लागलंय का तुला? कुठे आहेस? हलू नकोस!”

“हलायला जागा नाही. नववा आणि दहावा यांच्या मध्ये, लिफ्टच्या डोक्यावर बसलोय. लिफ्टची वीज गेली आणि ती बंद पडली. हत्यारांची पेटी आणि फोन, दोन्ही खाली खड्ड्यात. दाराची कडी माझ्या हातापेक्षा दोन हात वर आहे.”

तिने अग्निशमनवाल्यांना फोन लावला. पत्ता सांगितला. ते म्हणाले, वीस मिनिटं.

“वीस मिनिटं म्हणतायत!” ती जाळीतून ओरडली.

“ब्रेक घसरतोय,” तो म्हणाला. “दर थोड्या वेळाने बोटभर. रिकामी लिफ्ट आपल्या वजनाने खाली जात नाही, वर जाते. दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन तिला ओढतं. ब्रेक एकदम सुटला तर... वर छत आहे. वीस मिनिटं तो धरेल की नाही, मला सांगता येत नाही.”

“मग?”

“गच्चीवर यंत्राची खोली आहे. भिंतीवर मी सकाळी खडूने लिहून ठेवलंय, काय झालं तर वॉचमनने काय करायचं ते. चार ओळी. वाचून तेवढं करायचं.”

“मी?”

“दुसरं कोणी आहे का तिथे?”

ती यंत्राच्या खोलीत पोचली. तेलाचा वास, मोठं लोखंडी चाक, त्यावरून खाली गेलेले दोर, आणि दोरांसाठी जमिनीला पाडलेलं भोक. त्या भोकातून खाली पाहिलं तर दोन मजले खाली एक पिवळा उजेड दिसत होता. त्याच्या टोपीवरचा दिवा. आणि समोर भिंतीवर चार ओळी. तिने पाहिलं, आणि डोळे आपोआप सर्वांत खालच्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर जाऊन बसले. तिने घाबरून डोळे मिटले.

“वाचलंत का?” खालून त्याचा आवाज आला, आता अगदी जवळून आल्यासारखा.

“माझ्याच्याने होणार नाही,” ती भोकाशी गुडघे टेकून म्हणाली. “मी... मी उलटं वाचते. शेवटून. माझी यादी उलटी का असते विचारलं होतंस ना, म्हणून. अर्थ कळू नये म्हणून मी शेवटून वाचते. कालचा तुझा निरोप मी वाचलाच नव्हता. मी फक्त चुका पाहिल्या. तू विचारलंस जाऊ का नको, आणि मी... मी हसरा चेहरा पाठवला. तू म्हणाला होतास ना, कोणीतरी नीट वाचतं म्हणून? कोणी वाचत नव्हतं. दुसऱ्या कुणाला तरी बोलावते मी, तुझा जीव माझ्या हातात नको!”

दोराची बारीक कुरकुर ऐकू आली. आता तो काय म्हणेल, याची तिला ब्रेकपेक्षाही जास्त भीती वाटली.

“म्हणजे इतके दिवस... एकही ढग नाही पाहिलात?”

“सुरुवातीचे नाही,” ती रडत म्हणाली. “नंतरचे पाहिले. घरी गेल्यावर. सगळे. दोन-दोनदा. शनिवारचा पुसट होता, त्याला खालून गुलाबी कड होती.”

“होती खरी,” तो म्हणाला. “मग आज सरळ वाचा. पहिल्या ओळीपासून. मोठ्याने. मी ऐकतोय. आणि चुका काढू नका, वेळ नाही.”

तिने डोळे पुसले. मग डावा हात वर उचलून, बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं, पहिलीतली मुलं ठेवतात तसं.

“एक. मेन स्विच बंद करा.”

“करा.”

खटका खाली आला.

“दोन. डावा हात चाकावर, घट्ट. तीन. उजव्या हाताने ब्रेकचा दांडा थोडा ओढा, चाक पाव फेरा फिरू द्या. चार. दांडा लगेच सोडा. मग परत दोनपासून.” वाचतानाच तिला कळलं, की शेवटून केलं असतं तर हात चाकावर नसतानाच दांडा ओढला गेला असता.

“दोरावर पिवळा पट्टा आहे. तो चाकापाशी आला की थांबा. मी सांगेन तेव्हाच ओढा. डावा हात?”

“चाकावर.”

“घट्ट?”

“घट्ट.”

“ओढा.”

चाक जिवंत झाल्यासारखं तिच्या तळहाताखाली वळवळलं. केवढी ओढ होती त्याला! तिने दात आवळले, दांडा सोडला. चाक थांबलं. खालून तो म्हणाला, “छान. वीतभर आलो. पुन्हा.”

“बोलत राहा,” ती म्हणाली. “तू गप्प झालास की मला भीती वाटते.”

“काय बोलू? तुमचा आवाज मला जरा शिस्तीचा वाटला होता.”

“मग कसा आहे?”

“ओढा. ...रडका आहे. पण गोड आहे.”

“गप्प बस!”

“आत्ताच म्हणालात बोलत राहा. हात चाकावर? ओढा.”

असं सहा वेळा. तिचा डावा खांदा भरून आला, कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, पण हात तिने काढला नाही. सातव्या खेपेला पिवळा पट्टा चाकावर आला आणि ती किंचाळली, “आला! आला!”

“दांडा सोडलात?”

“सोडला!”

“मग आता हात काढा आणि बाजूला व्हा.”

खाली लोखंडी कडी खडखडली. एक दार करकरत उघडलं. पावलं वाजली... घट्ट जमिनीवरची पावलं. ती तिथेच, चाकाला टेकून, खाली बसली.

तो जिन्याने वर आला. काळवंडलेले हात, फाटलेली बाही, कपाळावर ग्रीसचा फराटा. उंची तिला वाटली होती त्याहून कमी, डोळे मात्र तिला वाटले होते तसेच. तो दारात उभा राहिला.

“मघापासून तुम्ही मला ‘तू’ म्हणताय,” तो म्हणाला.

“चूक झाली,” ती घाईने म्हणाली.

“राहू दे ती. ती नका सुधारू.” तो तिच्यापासून हातभर अंतरावर खाली बसला. “मी चिडलो होतो काल. यादी आली तेव्हा. म्हटलं, बाईंना काही फरक पडत नाही. जातो झालं.”

“आणि आता?”

“आता अकरा मजले चढून आलात. लिफ्टला घाबरणारी बाई लिफ्ट चालवून बसली. आता कशावर चिडू?”

दूर खालून अग्निशमन गाडीची घंटा ऐकू आली. तो कपडे झटकत उठला. “त्यांना सांगून येतो. नाहीतर दारं फोडतील.”

तो वळला. आणि तिने, जिने आजवर तोंडातून जाणारा प्रत्येक शब्द आधी चारदा तपासला होता, तिने त्याची फाटकी बाही धरली. भीती गेली नव्हती. ती जाणार नव्हतीच, हे तिला त्या क्षणी कळलं. आता रोज तो कुठल्यातरी इमारतीच्या माथ्यावर असणार आणि रोज ती दहा वाजून दहाची वाट बघणार.

“कालचं उत्तर राहिलंय माझं,” ती म्हणाली.

“कोणतं?”

“तू विचारलं होतंस ते.” तिने श्वास घेतला. “जाऊ नकोस.”

तो थांबला. “आत्ता? खाली?”

“खाली जा. पण... एकटा लिफ्टच्या डोक्यावर जाऊ नकोस. मला न सांगता जाऊ नकोस. आणि मला सोडून तर—” पुढे शब्द सापडेना, आणि या खेपेला तिने तो शोधलाही नाही.

त्याने आपला काळा हात तिच्या हातावर ठेवला. तिच्या बोटांना ग्रीस लागलं. ते तिने पुसलं नाही.

गच्चीच्या उघड्या दारातून आभाळ दिसत होतं. त्याने तिकडे मान वळवली. खिशाकडे हात नेला, मग फोन खड्ड्यात आहे हे आठवून हसला.

“आजचा राहिलाच,” तो म्हणाला. “ढग पाहिलास का?”

तिने पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश.

“हो,” ती म्हणाली. “आधी तोच पाहिला.”